वरची कडी

ती घटना आठवायला मला जुनी डायरी उघडावी लागत नाही. शेजारच्या दाराची कडी वाजली तरी ती आठवते. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, दोन-तीनदा दगडही खाल्ले. त्यातलं आता फारसं काही झोप मोडत नाही. ही घटना मोडते, आणि कागदावर ती अगदी किरकोळ होती.

दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. मी तेव्हा भिवंडीत सहायक पोलीस निरीक्षक होतो. नारपोलीच्या बाजूला गल्लीगल्लीत लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, कारखाने, आणि त्या कारखान्यांना भिंत लावून राहती घरं. लूमचा आवाज ज्यानं ऐकला नाही त्याला तो सांगून कळायचा नाही. तिथली माणसं एकमेकांना हाका मारत नाहीत, हात दाखवून बोलतात. आठवड्यात एकच दिवस, शुक्रवारी, लूम बंद. त्या दिवशी गल्लीत चिमण्या ऐकू यायच्या.

घटनेच्या दीड महिना आधी तिथे एका म्हातारीच्या गळ्यातली माळ हिसकावण्याचा प्रकार झाला होता. वरिष्ठांनी सांगितलं, ज्येष्ठ नागरिकांची बैठक घ्या. देवळाच्या सभामंडपात वीस-पंचवीस म्हातारे-म्हाताऱ्या जमवल्या आणि मी भाषण ठोकलं. अनोळखी माणसाला दार उघडू नका. एकटे राहत असाल तर दिवेलागणीला दार बंद करा. आणि खालच्या कडीवर विसंबू नका, ती चोर एका लाथेत उखडतो. वर, चौकटीजवळ, दुसरी कडी बसवून घ्या. टाळ्या पडल्या. चहा झाला. चांगलं काम केलं म्हणून मी खुशीत ठाण्यावर परतलो.

त्यानंतरच्या एका शुक्रवारी दुपारी अडीचच्या सुमारास ठाण्यातला फोन वाजला. ठाणे अंमलदारानं घेतला आणि चेहरा गंभीर करून माझ्याकडे पाहिलं. "साहेब, एका लूमवाल्यानं म्हातारीला घरात घुसून मारलंय. लोकांनी पकडून ठेवलाय."

मी जीप काढली. गल्लीत तीस-चाळीस माणसं होती. मध्ये चाळिशीचा एक माणूस, धुतलेला पांढरा कुर्ता, कुर्त्यावर रक्ताचे डाग, कॉलर फाटलेली. उत्तर प्रदेशातून आलेला, म्हातारीच्या घराला लागून असलेल्या कारखान्यात लूम चालवणारा. म्हातारीला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं होतं. मागचं दार फोडलेलं, कडीचे खिळे उपटलेले, आणि हा आतून तिला उचलून बाहेर येताना शेजाऱ्यांनी पाहिलेला. आगरी कुटुंबातली म्हातारी आणि मुसलमान कामगार, ही बातमी भिवंडीत संध्याकाळपर्यंत कुठे आणि कशी पोहोचू शकते हे आमच्या ठाण्यातला नवा शिपाईसुद्धा जाणत होता. मी त्याला पहिल्यांदा जीपमध्ये बसवलं, मग पंचनाम्याला सुरुवात केली.

म्हातारी पंचाहत्तरीची, विधवा, एकटी राहणारी. मानकोलीकडची जमीन गोदामांना गेल्यावर मुलानं गाड्यांचा धंदा काढला आणि तो बायकामुलांसह कल्याणला फ्लॅटमध्ये गेला. आईनं घर सोडलं नाही. मुलगा तासाभरात आला. तो उर्मट नव्हता, पण घाबरलेल्या माणसाला राग लवकर येतो. "साहेब, हा माणूस आमच्या घरात येतोच कशाला? मला आजपर्यंत माहीतसुद्धा नव्हतं. आता माझी फिर्याद लिहून घ्या."

फिर्याद लिहून घेतली. दवाखान्यात जाऊन म्हातारीचाही जबाब घेतला. कपाळाला खोक, खुब्याचं हाड मोडलेलं. डोळे मिटून ती एवढंच म्हणाली, "कोनीतरी मागून ढकलला. तोंड न्हाय बगितला." पलंगाच्या पायथ्याशी बसलेला मुलगा मान खाली घालून ऐकत होता. आईसमोर आपण रडू नये म्हणून तो मधूनमधून बाहेर जाऊन येत होता.

संध्याकाळी ठाण्यात मी त्या कामगाराला समोर बसवलं.

"दार का फोडलंस?"

"साब, माई दरवाज़ा नहीं खोल रही थी. अंदर से ठक-ठक आवाज़ आ रही थी, जैसे कोई लोटा ज़मीन पर मार रहा हो. मैं पीछे गया, कुंडी तोड़ी. माई पलंग के पास पड़ी थी."

"तू तिथे गेलास कशाला?"

"हर जुम्मे को जाता हूँ. नमाज़ के बाद. पानी की टंकी धो देता हूँ, सिलेंडर बदलना हो तो बदल देता हूँ. माई भाकरी खिलाती हैं. चार साल हो गए."

"मुलाला का माहीत नाही?"

"माई ने मना किया था. बोलीं, लड़का ग़ुस्सा करेगा कि घर में बाहर का आदमी क्यों."

मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. चार साल फुकट टाकी धुणारा माणूस मला तोवर भेटला नव्हता, आणि जे आपल्याला भेटलं नाही ते खोटं, असं मानायची आमच्या खात्यात फार जुनी खोड आहे. मी त्याला तोच प्रश्न सहा-सात वेळा, आवाज चढवत विचारला. त्यानं दर वेळी तेच उत्तर दिलं आणि दर वेळी शेवटी एकच विचारलं, "साब, माई कैसी है?" मला ते नाटक वाटलं. माझ्या आवाजात तेव्हा जी खात्री होती, तिची मला आज लाज वाटते. आरोपी मिळाला की गल्ली शांत राहील, हाही हिशेब डोक्यात होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशीच दिली जाते. देणाऱ्याला ती फाशी वाटत नाही, बंदोबस्त वाटतो.

शनिवारी सकाळी मी डॉक्टरांना भेटलो. दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, रात्रपाळी करून पेंगुळलेले. फाइल बघत ते म्हणाले, "जखम शुक्रवार दुपारची नाही. रक्त पार सुकलेलं होतं, उचलताना खपली निघून थोडं पुन्हा वाहिलं एवढंच. अंगातलं पाणी कमी झालेलं. ही बाई आदल्या संध्याकाळपासून पडून असणार."

मी तसाच घरी, म्हणजे म्हातारीच्या घरी गेलो. पुढच्या दाराच्या खुंटीला शुक्रवारी सकाळची दुधाची पिशवी तशीच लटकत होती, नासलेली. आदल्या दिवशी ती मी पाहिली होती आणि तिच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. पंचनाम्यात स्वच्छ लिहिलं होतं की पुढचं दार आतून बंद. मागचं दार शुक्रवारी दुपारी फुटलं, ते बाहेरून, चाळीस माणसांच्या कानांवर आवाज गेला. मग गुरुवारी संध्याकाळी, दोन्ही दारं आतून बंद असताना, तिला ढकलणारा आला कुठून आणि गेला कुठून? ही साधी गोष्ट शुक्रवारीच सुचायला हवी होती. पण हाताशी आरोपी असला की दारांकडे कोण बघतो.

कारखान्यात जाऊन विचारलं. कारखान्याचे शेठ पिढ्यान्‌पिढ्या भिवंडीतलेच, कोकणी मुसलमान, मराठी आमच्यापेक्षा चांगलं बोलणारे. त्यांनी हजेरीचं रजिस्टर पुढे केलं. कामगार गुरुवारी संध्याकाळी आठला शिफ्टवर आला आणि शुक्रवारी सकाळी आठला सुटला. शेठ म्हणाले, "साहेब, ती बाई रात्रभर ओरडली असेल ना? आमच्या लूममुळे कुणाला ऐकू गेलं नसेल. एरवी दिवसातून दोनदा वीज जाते, त्या रात्री नेमकी गेली नाही." एवढं बोलून त्यांनी त्या सामाईक भिंतीवर हात ठेवला.

तरी माझ्यातला पोलीस म्हणत होता, आठच्या आधी काय? मी पुन्हा म्हातारीच्या घरात आलो आणि यावेळी गुडघ्यावर बसून फरशी पाहिली. रक्ताचा मोठा डाग पलंगाजवळ होता, पण त्याच्याही आधीचा एक छोटा डाग पुढच्या दाराशी होता आणि दारापासून पलंगापर्यंत पुसट पट्टा होता. ती दाराशी पडली होती आणि सरपटत पलंगापर्यंत आली होती. कशाला? दाराशी असती तर सकाळी दूधवाला आल्यावर तिला निदान दारावर हात तरी मारता आला असता. मी बॅटरी लावून पलंगाखाली पाहिलं. अगदी आत, भिंतीला टेकून, धान्याच्या डब्यांमागे एक लाकडी स्टूल आडवं होतं. त्याच्या एका पायावर रक्ताचा हात उमटला होता. चार बोटं आणि अंगठा, लहानसर हात.

घरात शिरलेला चोर वस्तू उचलतो, उलथीपालथी करतो. स्टूल पलंगाखाली लपवत नाही. मोडलेल्या खुब्यानं ते स्टूल पाच-सहा फूट ढकलत नेऊन डब्यांमागे सारायला तिला किती वेळ लागला असेल, मला अंदाज नाही. मी उठलो आणि पुढच्या दाराकडे वळलो. जुन्या, काळवंडलेल्या दाराला वर चौकटीजवळ एक नवी कोरी चकचकीत कडी होती. ती बरोबर माझ्या डोळ्यांसमोर आली. माझी उंची पाच फूट दहा इंच. म्हातारीला मी दवाखान्यात झोपलेली पाहिली होती आणि त्याआधी सभामंडपात बसलेली. ती उभी असताना माझ्या छातीपर्यंतही येत नसेल.

बरोबरच्या हवालदारानं विचारलं, साहेब, काय सापडलं? मी म्हटलं, स्टूल जप्त करा.

दवाखान्यात मी मुलाला चहा प्यायला खाली पाठवलं आणि म्हातारीच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसलो. स्टुलाचं काहीच बोललो नाही. एवढंच सांगितलं, "आजी, तुमच्याकडे शुक्रवारी येणारा तो लूमवाला कालपासून ठाण्यात बसलाय. त्यानंच तुम्हाला ढकललं असं सगळे म्हणतात."

तिनं डोळे उघडले. "त्याला कशाला बसवला?"

"दार त्यानं फोडलं ना."

खरं बोललं तर आपलं काय जाणार आहे हे तिला पुरतं ठाऊक होतं, आणि मला ते अजून ठाऊक नव्हतं. मग ती म्हणाली, "त्याला सोडा, साहेब. त्यानं काय केला न्हाय. मना कोनी ढकलला न्हाय. मी पडली."

"स्टुलावरून?"

"हां. कडी लावून उतरताना पाय सटकला. रोज चढते. सांजंला लावाला, सकालचे काढाला." मग माझ्याकडे बघून, साध्या सुरात, "तुमीच सांगलेला ना देवलान, वरची कडी लावा म्हणून. मी लगेच सुताराला बोलावला."

ती तक्रार करत नव्हती. साहेबांनी सांगितलेलं आपण मन लावून पाळलं, एवढंच ती सांगत होती.

"मग ढकललं असं का सांगितलंत?"

"मी आधी दोनदा पडलेली. पोरगा बोललेला, आता पडलीस तं घराला टाला लावून तुला घेऊन जाईन. चोरानं ढकलला तं त्यान माझी काय चूक? पडली म्हटला का म्हातारी झाली." तिनं माझ्या कागदाकडे बोट केलं. "आता लिवा तुमी. माझा घर गेला तं गेला. त्याची पोरा-बाला गावाला वाट बगतान."

मी जबाब लिहिला, वाचून दाखवला. तिनं अंगठा दिला. सही करता न येणाऱ्या माणसांचे हजारो अंगठे मी घेतले असतील. तो एक अंगठा मला जड गेला.

ठाण्यात परत येऊन कामगाराला सोडलं. त्याला सांगितलं, "चूक आमची झाली." खात्यात हे वाक्य फार कमी वापरलं जातं, त्यामुळे ते तोंडातून नीट निघालंही नाही. त्यानं हात जोडले नाहीत, राग काढला नाही. "माई कैसी है?" विचारलं आणि मग म्हणाला, "कुंडी मैंने तोड़ी है, साब. वो मैं लगा दूँगा."

आता प्रश्न मुलाचा होता. तो ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नव्हता. "झालं ना सिद्ध? आता तिला मी तिथे एक दिवस ठेवणार नाही. साहेब, उद्या काही झालं तर लोक मला विचारतील, तुम्हाला नाही." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. रोज सकाळी तो आईला फोन करायचा. त्या शुक्रवारी नेमका गाडीच्या कामात राहिला होता, आणि ते त्याला आतून खात होतं.

मी त्याला आईच्या घरी नेलं, पलंगाखाली बॅटरी मारली आणि ते डबे दाखवले. "स्टूल इथे होतं. मोडलेल्या हाडानं तुमच्या आईनं ते इथवर आणलं. त्यापायी मदतीला ओरडायचं सोडून तिनं अंगातला जीव खर्च केला. चोराला भिऊन नाही. तुम्हाला भिऊन." मग पुढच्या दाराकडे बोट केलं. "आणि ती कडी माझ्या सांगण्यावरून बसली. तेव्हा एकट्या तुम्हाला दोष देत नाही. आपण दोघांनी तिची काळजीच घेतली, पण तिला विचारून कुणी घेतली?"

तो पलंगावर बसला आणि मोठ्यानं रडला. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

मुलानं दवाखान्यात आईला विचारलं, ती म्हणाली आपल्याच घरी राहीन, आणि दुसऱ्या आठवड्यात त्याच घरात आम्ही पाच जण बसलो: मुलगा, शेठ, शेजारची एक बाई, तो कामगार आणि मी. मी सुचवलं, पलंगाशी घंटेचं बटण बसवू, घंटा कारखान्यात वाजेल. कामगार हसला. त्या सगळ्या प्रकरणात मी त्याला पहिल्यांदाच हसताना पाहिलं. "साब, लूम चालू हो तो घंटी किसको सुनाई देगी? बत्ती लगाओ. लाल बत्ती. लूमवाले का कान नहीं चलता, आँख चलती है."

शेठनी त्याच दिवशी वायरमन बोलावला. सामाईक भिंतीला भोक पाडून वायर नेली. म्हातारीच्या पलंगाशी एक बटण, दुसरं न्हाणीघरात, जमिनीपासून वीतभर उंचीवर, पडलेल्या माणसाचा हात पोहोचेल असं. कारखान्यात सगळ्यांना दिसेल असा लाल दिवा. मागच्या दाराला मोडलेल्या कडीच्या जागी दोन्ही बाजूंनी उघडणारं कुलूप, त्याची एक चावी शेजारणीकडे. न्हाणीघरात धरायला लोखंडी नळी. वरची कडी कामगारानं स्वतः उपटली आणि म्हातारीच्या छातीच्या उंचीवर ठोकली. बाहेरून उघडता येईल अशी खाच तिला ठेवली. मुलगा सगळं पाहत होता. शेवटी त्यानं कामगाराचा पत्ता आणि गावाकडचा नंबर आपल्या डायरीत लिहून घेतला आणि त्याला म्हणाला, "शुक्रवारी येत जा. माझ्यापासून न लपवता."

तीन महिन्यांनी म्हातारी काठी टेकत आपल्या घरी परतली. माझी बदली झाली. दोन वर्षांनी एका साक्षीसाठी भिवंडीला आलो तेव्हा वाट वाकडी करून तिच्याकडे गेलो. तिनं चहा केला, सुक्या बोंबलाची चटणी बांधून दिली, आणि जाताना मला थांबवून दार लावून दाखवलं. कडी एका हातानं सरकली. "बगा," म्हणाली. मी ती एकदा स्वतः सरकवून पाहिली.

पुढे काही वर्षांनी मुलाचा फोन आला. सकाळी अकराच्या सुमारास कारखान्यात लाल दिवा लागला होता. माणसं लूम थांबवून धावत गेली. शेजारीण आली. मुलगाही वेळेत पोहोचला. ती आपल्या पलंगावर, आपल्या घरात, चार माणसांच्या हातांत गेली.

आज मी स्वतः सत्तरी ओलांडली आहे. माझे मुलगे पुण्याहून फोन करतात आणि दार नीट लावा म्हणून सांगतात. मी हो म्हणतो. त्यांना मी अजून सांगितलेलं नाही की गेल्या महिन्यात मी जिन्यात पडलो होतो. हे लिहिताना लक्षात येतंय की मीही माझं स्टूल पलंगाखाली सारलं आहे. आज रात्रीच्या फोनवर ते सांगायचं ठरवलं आहे.

त्या प्रकरणाचा शेवट कागदावर असा झाला. तक्रार जाणूनबुजून खोटी होती असा केस बंद करण्याचा अहवाल कोर्टात पाठवला असता तर तो 'ब' समरीचा झाला असता आणि म्हातारीवर कारवाई आली असती. मी 'क' समरी पाठवली, म्हणजे गैरसमजुतीतून झालेली फिर्याद. ती मंजूर झाली. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं होतं, 'दाराची उंचावरील कडी लावताना वृद्धेचा तोल गेला.' कडी तिथे का होती, हे मुलाला तोंडी सांगितलं, कागदावर लिहिलं नाही. वरिष्ठ वाचतील, याची भीती होती. तो राहिलेला मजकूर आज इथे लिहितो. कडी माझ्या सांगण्यावरून बसवण्यात आली होती. सांगताना मी त्या बाईची उंची पाहिली नव्हती.